फुरशांच्या सड्यावर काम करायचंय? माणूस आणि साप दोघांना वाचवणारा गावप्रकल्प असा उभा करा

रात्रीचं सापाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. ‘जनावर’ म्हणतात. आणि साप चावला असंही म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. आमची ग्रामपंचायत रत्नागिरी जिल्ह्यात, चार वाड्यांची, चारही वाड्या कातळसड्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला, टेकलेल्या. तिथे मी सर्पमित्र म्हणून सुरुवात केली आणि पहिली दोन वर्षं नुसते साप मोजले. इतक्या धामणी, इतके नाग, इतकी फुरशी (फुरसं म्हणजे सड्यावरचा छोटा विषारी साप). शाल-नारळही मिळाला. त्याच दोन वर्षांत शेजारच्या वाडीत पान लागून एक माणूस गेला आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी दिसेल ते जनावर ठेचलं. मी पोचलो तेव्हा खळ्यात तीन नानेट्या आणि एक कवड्या पडले होते, चारही बिनविषारी. माझ्या वहीतला आकडाच चुकीचा होता हे तेव्हा कळलं.

म्हणून हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना पहिल्यांदाच सांगतो: सुरुवात सापापासून करू नका, दवाखान्यापासून करा. गावातली माणसं मरायची थांबली की सापांना मारायची घाई आपोआप कमी होते. उलट्या क्रमाने मी करून बघितलंय.

नुसते साप मारून काही होत नाही, हे आमच्या जिल्ह्याला तर कळायलाच हवं. इंग्रजी अमदानीत फुरसं मारून आणणाऱ्याला इथे सरकार बक्षीस द्यायचं. डिसेंबर १८६२ मध्ये बक्षिसाचा दर वाढवला तेव्हा आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी जमा झाली. फुरसं आजही सड्यावर आहे आणि चावतंयही.

१. आधी दंशांची वही करा

शंभर पानी वही घ्या आणि घरोघर जा. गेल्या दहा वर्षांत या घरात कुणाला पान लागलं का, कोणत्या महिन्यात, किती वाजता, काय करताना, अंगावर कुठे, पहिल्यांदा कुठे नेलं, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, पुढे काय झालं. एवढेच रकाने. आशाताईंना सोबत घ्या, कारण घरातली बाई आशाताईंना जे सांगते ते तुम्हा-आम्हाला सांगत नाही. माणूस वाचला की तो प्रसंग घरचे विसरूनही जातात, म्हणून ‘कुणी गेलं का’ एवढंच विचारून थांबू नका.

देशाचं चित्र माहीत असू द्या. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. पण गावात हे आकडे सांगून कुणी हलत नाही. आमच्या वहीत जे निघालं त्याने मात्र सभा गप्प झाली. पावसाळ्यातले दंश होतेच, पण त्यांच्या जोडीला मार्च ते मे हा एक वेगळाच ढीग होता. काजूच्या बिया वेचणाऱ्या बायका, आणि दंश जवळजवळ सगळे हाताच्या बोटांना. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, सर्पमित्र म्हणवणाऱ्या मलाही नाही.

तुमच्याकडे ढीग दुसरा असेल. उसाच्या पट्ट्यात वेगळा, जमिनीवर झोपणाऱ्या पाड्यांवर वेगळा. म्हणून दुसऱ्या गावाचा आराखडा उचलून आणू नका.

सावधान: वहीत रुग्णाचं नाव लिहिलंत तरी ती वही सभेत फिरवू नका. जखमेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आम्ही एकदा टाकला, त्या घराने वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं. चूक आमचीच होती.

२. वाडीपासून औषधापर्यंतचा रस्ता स्वतः जाऊन बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नवखे लोक नेमका हाच गाळतात, कारण यात साप कुठेच नसतो.

रात्री दहा वाजता, कुणाला न सांगता, सर्वांत लांबच्या वाडीतून निघा. फोनला रेंज कुठे येते? गाडी कुणाची, चावी कुणाकडे? पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, पावसात पाण्याखाली जातो का? १०८ ला फोन केला तर पत्ता काय सांगायचा? गुरववाडी प्रत्येक गावात एक असते. आमची रुग्णवाहिका एकदा दुसऱ्याच गुरववाडीत जाऊन उभी राहिली. आता प्रत्येक वाडीच्या तोंडावर पत्र्यावर चार ओळी रंगवल्या आहेत: गाव, तालुका, जवळची ठळक खूण, आणि रात्री गाडी देणाऱ्या तिघांचे नंबर. तिघांचे म्हणजे तिघांचेच. एकाचाच लिहिलात की तो नेमका लग्नाला गेलेला असतो.

मग आरोग्य केंद्रात जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची वेळ मागून, सरपंचांना घेऊन, चौकशीच्या सुरात. तपासणी करायला आल्यासारखं बोललात तर तिथून हात हलवत परत याल. विचारायचं ते असं:

- सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या, म्हणजे एएसव्हीच्या, कुप्या आत्ता किती आहेत, मुदत कधीपर्यंत? विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीचा डोस साधारण १० कुप्यांचा असतो, आणि लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. कपाटात चारच कुप्या असतील तर केंद्रात औषध आहे असं समजू नका.
- औषध पावडरीचं की द्रवरूप? द्रवरूप शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली तर काय करतात?
- रिअ‍ॅक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रेनलिन जवळ असतं का?
- रात्री डॉक्टर नसतील तर कुठे पाठवतात? तिथे श्वासाचं यंत्र आहे का? नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हा नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही.
- काचेची कोरडी परीक्षानळी आहे का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला साधी चाचणी आहे. दोन मिलीलीटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष भिनलंय. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि निकाल फसतो. आम्ही गेलो त्या केंद्रात सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुढच्या आठवड्यात रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून काचेच्या नळ्यांचा डबा आला. प्रकल्पाची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची खरेदी तीच, असं माझं मत आहे.

३. दोन समित्या एका सतरंजीवर बसवा

नवी संस्था काढायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. नोंदणी, पदाधिकारी, कुणाचं नाव आधी यात पावसाळा निघून जातो. ग्रामपंचायतीत दोन समित्या कागदावर असतातच. एक, जैवविविधता कायदा, २००२ खाली झालेली जैवविविधता व्यवस्थापन समिती. दुसरी, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. पहिलीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, ती बहुधा कपाटात. दुसरीकडे थोडा निधी असतो. दोघींची एकत्र बैठक लावा आणि ठराव ग्रामसभेत घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी १ मे धरा, म्हणजे पावसाच्या आधी हाताशी महिना राहतो. शिवाय मे महिन्यात चाकरमानी गावात असतात. वर्गणी तेव्हाच निघते आणि मुंबईहून गमबूट स्वस्तात आणायचं कामही त्यांच्याच गळ्यात घालता येतं.

ठरावात तीनच गोष्टी ठेवा: दंशांची नोंद, गाडीची पाळी, घराभोवतीची दुरुस्ती. ‘वन हेल्थ’ (माणूस, प्राणी आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघणं) वगैरे शब्द अर्ज लिहिताना कामाला येतात, सभेत नाही.

सभेत शेतकऱ्यांना सापाची बाजू सांगायची तर उंदरापासून सांगा. कणगीतलं भात कोण खातं, आणि चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) कुणाच्या लघवीतून होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बढाई नको. धामण वाचवली म्हणून लेप्टो गेला असं म्हणालात आणि पुढच्या पावसात एक जण तापाने आडवा झाला, की तुमचं बाकीचं बोलणंही वाहून जातं.

४. मंतर घालणाऱ्या आजोबांशी भांडू नका

प्रत्येक गावात पाल्याचा रस देणारं, मंतर घालणारं कुणीतरी असतं. त्यांचे बरेच रुग्ण बरे होतात हे खोटं नाही. कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. पण विष भिनलेला एक माणूस तिथे दोन तास बसून राहिला की संपलं.

आमच्या आबांना मी पहिल्या वर्षी भर सभेत खोडून काढलं. परिणाम असा की लोक त्यांच्याकडे जातच राहिले, फक्त मला न सांगता. दुसऱ्या वर्षी घरी जाऊन पाया पडलो. म्हटलं, “आबा, मंतर तुमचा, गाडी आमची. तुम्ही गाडीत बसून मंतर घाला, आम्ही दवाखान्याकडे चालवतो.” बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नि नारळ रे कोण धरणार?” तेव्हापासून रात्री-अपरात्री आबा मागच्या सीटवर नारळ घेऊन बसतात. आबा गाडीत बसले की घरचेही गाडीत बसतात, वादच होत नाही.

५. प्रथमोपचार: पाठ करून घ्या, पोरांकडून

शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवा. पोरं घरी जाऊन मोठ्यांना ओरडतात, ते मोठे ऐकतात.

करायचं: माणसाला झोपवा, धीर द्या, चालू देऊ नका. दंश झालेल्या हातातल्या बांगड्या, अंगठ्या, पायातली जोडवी काढा, कारण सूज चढल्यावर निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो हात-पाय हलणार नाही असा ठेवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. दुचाकीशिवाय काही नसेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एक जण. दंशाची वेळ लिहून घ्या.

करायचं नाही: आवळून बांधणं, ब्लेड मारणं, चोखणं, बर्फ, कोंबडी लावणं, दारू. आधीच कुणी आवळून बांधलं असेल तर ती गाठ वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. साप मारून दवाखान्यात नेऊ नका. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. साप शोधायला गेलेल्याला दुसरा दंश झाल्याचं आमच्या वहीत आहे. मात्र हिरवा चापडा (झाडाझुडपांवरचा हिरवा विषारी साप) चावला तर त्यावर हे औषध चालत नाही, म्हणून लांबून सहज फोटो निघाला तर काढा, नाहीतर सोडून द्या.

दोन फसव्या गोष्टी आहेत. एक मण्यार. रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळा, गिळायला त्रास, पापण्या जड होऊन खाली येतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे असं उठलं तर ‘अपचन झालं असेल’ म्हणू नका, गाडी काढा.

दुसरं आमचं फुरसं. वीतभर ते हातभर जनावर, डोक्यावर बाणासारखी खूण, वेटोळं करून अंगाला अंग घासतं तेव्हा करकर आवाज येतो. ते सावकाश मारतं. आमच्या वाडीतल्या एका काकींना काजूच्या पाल्यात बोटाला चावलं. बोट सुजलं, हळद लावली, भाकरी थापली, झोपल्या. दुसऱ्या दिवशी परत बिया वेचायला गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी राखुंडीने दात घासताना थुंकी लाल आली, ती थांबेचना. मी गेलो तेव्हा काकी चुलीपाशी बसून पदराने हिरड्या टिपत होत्या आणि म्हणत होत्या, “अरे, दात हलतोय माझा.” दात नव्हता हलत. वाचल्या त्या, पण पाच दिवस रुग्णालयात राहून. तेव्हापासून आमचा नियम: फुरशाचा दंश ‘बरा वाटतोय’ म्हणून घरी ठेवायचा नाही.

६. दंश होतो ती जागा बदला

इथे खर्च थोडा, अंगमेहनत जास्त. काजूवेचणीला हातभर बांबूची काठी द्या. आधी काठीने पाला सारायचा, मग बी उचलायची. सुरुवातीला बायका हसल्या, काठीने वेळ जातो म्हणाल्या. खरंच जातो. मग ज्यांना दंश झाला होता त्यांनी काठी धरली, त्यांचं बघून बाकीच्यांनी. गवत कापायला सड्यावर जाताना गमबूट. रात्री परसात जाताना टॉर्च. पडवीत झोपणाऱ्यांना मच्छरदाणी, तिची कड अंथरुणाखाली दाबलेली, म्हणजे मण्यारही आत येत नाही आणि डासही.

गडग्याचं, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाचं, काय करायचं हा कोकणातला खरा प्रश्न. दगडी गडगा म्हणजे सापांची चाळ. तो पाडून टाका म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. गडगा पालींचं, मुंगसांचं घर आहे, आणि पाडताना दंश होतात ते वेगळेच. घराच्या दारापासून पाच-सहा हातांतली भोकं तेवढी चिखलाने लिंपून घ्या, लाकडं आणि शेण्या भिंतीपासून दूर रचा, बाकी गडगा आहे तसा राहू दे. फिनेल, कार्बोलिक अ‍ॅसिड, लसूण यांनी साप जात नाही. त्यावर पैसे घालवू नका.

७. साप पकडणारे थोडे ठेवा, आणि कागदोपत्री

सगळे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. आवड आहे म्हणून धरला, घरी बरणीत ठेवला, हे चालत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, कोण पकडणार त्यांची नावं द्या, ओळखपत्राची प्रक्रिया विचारा. चार वाड्यांना दोघे पुरतात. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइनही फलकावर लिहा.

फोन आला की पहिला प्रश्न: साप घरात आहे की परड्यात, म्हणजे परसात? परड्यात असेल तर बऱ्याच वेळा पकडायची गरजच नसते, दहा मिनिटं लांबून बघत राहायचं, तो जातो. पकडलाच तर जवळपासच, त्याच प्रकारच्या जागेत सोडा. फुरसं उचलून घनदाट जंगलात सोडणं म्हणजे उपकार नव्हेत. आणि हो, ओळख पक्की करा. कवड्याला मण्यार, मांजऱ्याला फुरसं, अजगराच्या पिल्लाला घोणस समजणारे ‘तज्ज्ञ’ मी पुष्कळ पाहिलेत. उलटी चूक जास्त महाग पडते.

गळ्यात नाग घालून व्हिडिओ करणाऱ्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढा, मग तो कितीही जवळचा असो.

८. कागदपत्रं आणि पैसा

लागणारे कागद: ग्रामसभेचा ठराव, दोन्ही समित्यांच्या सदस्यांची यादी, आरोग्य केंद्राला दिलेल्या पत्राची पोच, वन कार्यालयाच्या पत्राची पोच, पकडणाऱ्यांची ओळखपत्रं, दंशवही, सुटकावही (पकडून सोडलेल्या सापांची नोंद), खर्चाची वही. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी ‘हो, बघतो’ ला तारीख नसते. पुढच्या वर्षीचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायचा असेल तर आराखडा ठरतानाच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) गाठा. अर्जात केंद्राच्या सर्पदंश कृती आराखड्याचा उल्लेख करा. मार्च २०२४ मध्ये तो जाहीर झाला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे.

दुर्दैवाने कुणी गेलंच तर घरचे वन कार्यालयाकडे धाव घेतात, वाघ-बिबट्यासारखी भरपाई मिळेल म्हणून. शेतकरी कुटुंब असेल तर रस्ता वेगळा आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, मृत्यूसाठी २ लाख रुपये, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, वारसाची नोंद, पोलिसांचे कागद लागतात. शवविच्छेदन नको म्हणणाऱ्या घराला त्या रात्री समजावणं फार कठीण असतं, पण कुणीतरी शांतपणे सांगायलाच हवं. हे काम पोलीस पाटलांनी केलेलं बरं.

९. वर्ष कसं लावायचं

फेब्रुवारीत काठ्या, १ मे ला ठराव आणि वर्गणी, जूनच्या आधी भोकं लिंपणं, मच्छरदाण्या, फलक. नागपंचमीला शाळेत कार्यक्रम घ्या. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही ही चाल आपल्याकडे आहेच, बोलायला तिच्याहून चांगली सुरुवात मिळणार नाही. दूध पाजण्यावर मात्र तिथेच थांबा म्हणा. भातकापणीच्या आधी ऑक्टोबरमध्ये एकदा सगळ्या गाडीवाल्यांचे नंबर लावून बघा, निम्म्यांनी सिम बदललेलं असतं. दिवाळीनंतर वही उघडून एकच गोष्ट मोजा, दंशापासून दवाखान्याच्या दारापर्यंत किती मिनिटं लागली. सुटका केलेल्या सापांचा आकडा मी आता शेवटच्या पानावर लिहितो.

आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा आरोग्य केंद्रात जा. गेल्या वर्षीचे डॉक्टर बदलून गेलेले असतील. नव्यांना नमस्कार करा, कुप्यांवरची मुदत वाचा आणि काचेच्या नळ्यांचा डबा कुठे ठेवलाय ते डोळ्यांनी बघून या.